डोंगरावरचे बांध

म्हाताऱ्या गवंड्याची मुलगी प्रदर्शनाच्या दालनात फोटो टांगायच्या कामाला होती. तिने फारच आग्रह धरला म्हणून तो एकदाचा तिथे आला. चाळीस वर्षं त्याने दगडी बांध घातले होते. फोटो बघायला म्हणून तो कधी कुठे गेला नव्हता.

भिंतभर चीनमधल्या खेड्यांचे फोटो होते. धुक्यातून डोंगरावर चढत गेलेली भातशेतं, पायरीवर पायरी, आणि प्रत्येक पायरीच्या पाण्यात उतरलेलं आभाळ. लोक अवाक होऊन बघत होते. एक बाई म्हणाल्या, "काय हा निसर्ग! देवाने अगदी सवडीने घडवलाय."

गवंडी फोटोजवळ सरकला. "देवाने नुसता डोंगर दिला, बाई. बांध माणसांनी घातलेत."

मुलगी ओशाळली. "बाबा, हळू बोला ना!"

पण फोटोवाला शेजारीच उभा होता. "कशावरून म्हणता, काका?"

"पाणी बघा की. एवढी वळणं आहेत, पण कुठे सांडलेलं नाही. म्हणजे बांधाचा माथा सगळीकडे सारखा. हे सोम्यागोम्याचं काम नव्हे. पिढ्या खपल्यात इथे."

फोटोवाल्याने वाकून आपलाच फोटो पुन्हा पाहिला. तिथे महिनाभर राहून त्याने पाण्यातला उजेड टिपला होता. बांधाकडे मात्र त्याचं लक्षच गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने फोटोखाली नवी पाटी लावायला दिली: 'हे बांध इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हातांनी घातले आहेत.'

पाटी मुलीनेच लावली. नंतर कुणी ती वाचायला थांबलं, की ती आपणहून सांगायची, "हे माझ्या बाबांनी ओळखलं. गवंडी आहेत ते."