सदतिसाव्या घराचं सोनं

माझ्या नातवंडांनो, मीरा आणि ईशान, यशवंत गेला त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास त्याच्या आईचा फोन आला. पुण्याच्या हॉस्पिटलमधला तो पाचवा दिवस होता, त्यामुळे फोन वाजला तेव्हाच मी समजले होते. "बाई, तो गेला," एवढंच त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांचं दुसरं वाक्य आलं, "तुमच्या फ्रिजमधला तो डबा कुणाला दिसू देऊ नका." मग फोन बंद झाला. मी तशीच हातात फोन धरून फ्रिजसमोर उभी राहिले. आज सात आठवडे झाले, त्या दुसऱ्या वाक्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. पण तो राग फक्त त्यांच्यावरचा नाही. तो कुणाकुणावरचा आहे ते तुम्हाला नीट क्रमाने सांगते.

यशवंत तुम्हाला आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुम्ही आला होतात, तेव्हा मोटारसायकलवरून तुम्हाला नदीच्या पुलापर्यंत घेऊन गेला होता तोच. आमचं गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, पूल ओलांडला की दौंड तालुका. पुलावर उभं राहून त्याने तुम्हाला सांगितलं होतं की इथून पुढे माझं राज्य संपतं. ईशान, तू त्याला इंग्रजीत विचारलं होतंस की तू खरा राजा असशील तर तुझा मुकुट कुठे आहे. चेहरा अजिबात न हलवता तो म्हणाला होता, मुकुट धुवायला टाकलाय. ते इंग्रजी मी शिकवलेलं होतं, म्हणून मला त्याचा जरा जास्तच आनंद झाला होता.

त्याच्या घराण्याला गावात अजून 'राजे'च म्हणतात. घराणं किती जुनं, याबद्दल गावाची खात्री आहे की ते फार प्राचीन काळापासून चालत आलेलं आहे. त्यांच्याकडे कापडावर लिहिलेली वंशावळ आहे. यशवंत इंजिनिअर. शिरूरकडच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचं त्याचं काम, त्यामुळे त्याने ती वंशावळही तपासली होती. "बाई, यात मधल्या काळात कुणीच नाही हो," तो मला म्हणाला, "बारा नावं झाली की नुसतं 'इत्यादी' लिहिलंय आणि मग एकदम माझे खापरपणजोबा. आमच्याकडे असा माल आला तर मी परत पाठवीन." त्या कापडावर सगळ्यांत खाली त्याचं नाव, आणि त्याच्याखाली वीतभर जागा कोरी ठेवलेली. वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले. भाऊ-बहीण कुणी नाही. म्हणजे तेव्हापासून राजा तोच, आणि शेवटचाही तोच.

राज्य म्हणजे काय उरलं होतं? वर्षातला एक दिवस. दसऱ्याला दुपारी तीन वाजता राजे देवळासमोरच्या पारावर उभे राहतात आणि गावातलं प्रत्येक घर ठरलेल्या क्रमाने येऊन त्यांच्या हातात आपट्याचं पान, म्हणजे सोनं, देतं. पहाटेपासून शेवटच्या घराचं सोनं हातात येईपर्यंत राजांनी खायचं नाही, प्यायचं नाही आणि बसायचं नाही. घरं एकशे दहाच्या आसपास. आपलं घर सदतिसावं. कारखान्यात त्याला सुपरवायझर सगळ्यांसमोर झापायचा, बिहारकडची मुलं 'राजासाब, चाय?' म्हणून चिडवायची, आणि त्याच संध्याकाळी तो गावात बसमधून उतरला की पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहायची. "दोन्हीकडचं ऐकून माझी सरासरी बरोबर निघते," असं तो म्हणायचा.

चौदाव्या वर्षी तो माझ्याकडे इंग्रजीला यायला लागला. तासाभराच्या शिकवणीत तो तीन तांबे पाणी प्यायचा आणि दोनदा उठून जायचा. मी त्याच्या आईला, म्हणजे गावाच्या आईसाहेबांना, बोलावलं आणि आम्ही तिघं दौंडला डॉक्टरांकडे गेलो. लहानपणीच होतो तो मधुमेह निघाला, आयुष्यभर इंजेक्शनवर चालणारा. आईसाहेब दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, हे तुम्हाला, मला आणि त्याला. चौथ्या माणसाला कळलं तर या पोराला कुणी मुलगी देणार नाही. आणि राजाला रोग आहे म्हटल्यावर गाव काय म्हणेल?" मी हो म्हटलं. त्यांच्या घरात दिवसभर माणसांची ये-जा, फ्रिज कुणीही उघडायचं. म्हणून इन्सुलिनचा साठा माझ्या फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात, एका स्टीलच्या चपट्या डब्यात राहू लागला. शिकवणी चार वर्षांत संपली, पण सकाळची सुई घ्यायला तो आधी कॉलेजच्या आणि मग कारखान्याच्या बसआधी येतच राहिला. पोटाला सुई लावताना तो नेहमी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा आणि आज काय भाजी आहे ते विचारायचा. बारा वर्षं. मी शिस्तीची बाई, डब्यात इंजेक्शनची किती पेनं आहेत ते दर रविवारी बघत असे. माझ्या हातून एकदाही साठा कमी पडला नाही. याचा मला अभिमान होता, हे सांगायला आता लाज वाटते.

दसऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच वर्षी आला. सुई घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर साखर उतरते, हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं आणि माणूस शेवटी कोसळतो. डॉक्टरांनी उपास करूच नको म्हणून सांगितलं होतं. आईसाहेब म्हणाल्या, मान मोडता येणार नाही. तेव्हा युक्ती माझी. त्या दिवशी सुई अर्धीच घ्यायची, आणि सदतिसावं घर म्हणून मी जे पान द्यायचं त्यात साखरेचे दोन खडे गुंडाळायचे. पान कपाळाला लावताना खडे त्याच्या मुठीत जायचे आणि मिशीवरून हात फिरवताना तोंडात. मिशी फुटायच्या आधीपासून तो मिशीवरून हात फिरवायचा, लोकांना वाटायचं काय रुबाब आहे. सदतिसावं घर साधारण साडेचारला येई, ती वेळ बरोबर जमायची. बारा वर्षांत अकरा दसरे असेच गेले. आपण किती हुशार आहोत, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं. मला आता कळतं की माझी युक्ती फसली असती तर बरं झालं असतं. पहिल्याच वर्षी फसली असती तर चौदा वर्षांच्या मुलाला कुणीतरी गूळ दिला असता आणि सगळं उघड झालं असतं.

या वर्षी तो सव्वीस वर्षांचा होता. दसऱ्याच्या सकाळी सुई घेताना म्हणाला, "बाई, हे शेवटचं. उद्या पारावर उभा राहून सांगतो सगळ्यांना. आजार पण सांगतो आणि मान दर वर्षी एकेका घराकडे द्या म्हणून पण सांगतो." मी म्हटलं, "उद्या कशाला? आजच सांग." "आज लोक सणाला आलेत. सण झाला की सांगतो," तो म्हणाला. मी यावर वाद घातला नाही. त्याचं म्हणणं मला रीतसर वाटलं.

दुपारी तालुक्याहून एक पुढारी आले, तेही उशिरा. विसावं घर झालं आणि रांग थांबवली. हार, फेटे, मग भाषणं. माइकवरून प्राचीन परंपरा, प्राचीन परंपरा असं चाललेलं. यशवंत पारावर उभा, भरजरी अंगरख्यात. पावणेपाच झाले, पाच झाले. माझ्या हातातलं पान घामाने ओलं झालं होतं आणि आतली साखर बोटांना चिकटत होती. तो अंगरख्याची गाठ सोडायला बघत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं... मी ती नजर ओळखत होते. माझ्या पुढे छत्तिसाव्या घरची पारू उभी होती. ती वळून म्हणाली, "बाई, तुमास्नी उभं ऱ्हावत न्हाई का? पुढं जावा की, कोण काय म्हणत न्हाई."

मी म्हटलं, "नको, क्रमाने जाऊ."

मुलांनो, हे वाक्य मी बोलले. मला वाटलं भाषण आता संपेलच. मला वाटलं मी रांग मोडली तर लोक विचारतील का मोडली, आणि मग काय सांगू? आयुष्यभर मुलांना रांगेत उभं करणारी मी. जास्तीत जास्त पाच मिनिटं गेली असतील. मग त्याचे हात थरथरायला लागले, मान डुलायला लागली, तोंडातून काहीतरी तुटक आवाज आले. आणि पारापाशी ढोल घेऊन उभ्या असलेल्या आबांनी हाक दिली, "आला रं, देव आला! राजांच्या अंगात आला!"

आबा म्हणजे ढोलवाल्यांचे म्होरके. पूर्वी त्यांच्या घरची माणसं मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायची, आता ऊस करतात, पण दसऱ्याचा ढोल त्यांचाच. राजांच्या अंगात देव येतो असं त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं, आणि सत्तर वर्षं ते त्याची वाट बघत होते. ढोल वाढला. भंडारा उधळला, सगळं पिवळं झालं. माणसांनी कडं केलं. तेव्हा कुठे मी रांग सोडून धावले. कड्यापाशी आबांनीच मला हात आडवा धरून अडवलं. "बाई, आत्ता न्हाई. देव हाय अंगात, आत्ता शिवायचं न्हाई." मी ओरडले, त्याला साखर द्या. ढोलात ते ऐकू गेलं नाही. आणि ऐकू गेलं असतं तरी कशाला द्यायची ते मी तेव्हाही म्हटलं नव्हतं, हेही लिहून ठेवते. तो पारावरून खाली दगडी पायरीवर पडला. डोक्यालाही लागलं. ढोल थांबायला आणखी थोडा वेळ गेला, कारण लोकांना वाटलं देव उतरला.

पुढचं तुमच्या आईने तुम्हाला सांगितलंच आहे.

मला खरा वैताग आला तो यानंतर. दहाव्याच्या आत कासुर्डीच्या फाट्यापर्यंत फ्लेक्स लागले, 'देवाने बोलावून घेतलेले राजे'. त्याचा फोटो म्हणजे त्याच्या कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, त्यावर कॉम्प्युटरने फेटा बसवलेला. ज्या पायरीवर तो पडला तिथे पादुका बसवायचं ठरलं. आईसाहेबांनी होकार दिला. आणि मागच्या आठवड्यात आबा माझ्या दारात आले. चपला बाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाई, पादुकांखाली दगडावर मजकूर कोरायचा हाय. मराठीत आन् इंग्रजीत. गावानं ठरवलंय, तुमीच लिवा. शेवटचा राजा, देवानं नेला, असं कायतरी झकास."

मी उठले, फ्रिज उघडला आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. एकेक पेन काढून दाखवलं, हे कसलं औषध, किती वर्षं, आणि दसऱ्याला पारावर जे आलं ते काय होतं.  मग आबा म्हणाले, "म्हंजी पोरगं मदत मागत व्हतं... आन् आमी ढोल वाढवला."

"आणि मी रांगेत उभी राहिले," मी म्हटलं.

आबांनी पेनं एकेक करून परत डब्यात ठेवली. "तुमी सांगितलं का न्हाई, बाई? तुमी शिकलेल्या," असं म्हणाले. रागाने नाही, खरंच विचारत होते.  मग डब्याचं झाकण लावत त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "भांडगावला दिलेल्या माझ्या लेकीची पोरगी हाय. दहा वर्साची. तिला बी रोज सुई हाय. शाळेत सांगितलेलं न्हाई. पुढं लग्नाला आडवं येतंय म्हून आमीच म्हणालो, गप ऱ्हावा."

दगडावरचा मजकूर मी लिहिला नाही, त्याऐवजी तुम्हाला हे पत्र लिहिलं, आणि गावालाही वाचता यावं म्हणून ते छापायचं ठरवलं. छापायला देण्याआधी आईसाहेबांकडे जाऊन वाचून दाखवलं. वंशावळीचं कापड घडी करून त्यांच्या उशाशी होतं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. ढोलाचा भाग आला तेव्हा उठून जातील असं वाटलं, पण गेल्या नाहीत. शेवटी विचारलं, "पारूने पुढे जा म्हटलं होतं, ते लिहिलंय?"

"लिहिलंय."

"मी डब्याचं बोलले ते?"

"तेही."

"मग छापा," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

आबा लेकीला आणि नातीला घेऊन येतो म्हणून गेलेत. डब्यातली उरलेली पेनं तिला चालतील का, ते मी दौंडच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, मुलीला घेऊन या, तिच्या उपयोगाची असतील तर देता येतील. आबा अजून आलेले नाहीत. रोज दुपारी मी वाट बघते, आणि चिडते. काल साडेबाराला वीज गेली ती तीनपर्यंत आली नाही. मी नेहमीप्रमाणे डबा काढला, ओल्या फडक्यात गुंडाळला, माठाला टेकवून ठेवला आणि दर अर्ध्या तासाने फडकं भिजवत राहिले. वीज आल्यावर पुसून परत लोण्याच्या कप्प्यात ठेवला. ठेवताना पेनं पाहिली. सहा आहेत. मुदत अजून संपलेली नाही.