अमेरिकाभर एकमेकांवर नजर

नवऱ्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, तेव्हाच मला शंका आली. नॉटिंगहॅमहून ग्लासगोला लेकीकडे जाताना पाय आखडले तरी हा माणूस स्टिअरिंग सोडत नाही. मी नुसतं "सिग्नल सुटला" म्हटलं तरी त्याचा पारा चढतो. आणि शिकागोच्या विमानतळाबाहेर, जिथे सगळी वाहतूक आमच्या उलट्या बाजूनं चालते, तिथे हा म्हणतो, "तू चालव. तुला मजा येईल."

गुपचूप सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि मनाशी म्हटलं, म्हणजे ह्यालाही कळलंय.

गेल्या हिवाळ्यापासून मी त्याच्यावर पाळत ठेवून होते. तो भूलतज्ज्ञ, आता रिटायर झालेला. मी अजून आठवड्यातून दोन दिवस दवाखान्यात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून बसते, आणि विसरभोळे म्हातारे हे माझं रोजचं काम. नवरा शेजाऱ्याला कुंपणावरून एकच किस्सा दोनदा सांगताना मी ऐकलं. नातवाला त्यानं मुलाच्या नावानं हाक मारली. एकदा गॅरेजचं दार उघडून तो नुसता उभा राहिला आणि परत आत आला. एखाद्या पेशंटच्या बायकोनं हे सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, वयाप्रमाणे होतं असं, काळजी करू नका. पण ती बायको मीच होते आणि मला झोप लागत नव्हती.

घरात दोन डॉक्टर असले की तिसऱ्याकडे कोणी जात नाही, हा आमच्या सगळ्या मंडळींचा जुना रोग आहे. आमच्या जीपीकडे जायचं तर ती माझ्या ओळखीची, आणि हॉस्पिटलात जायचं तर तिथे तो जन्मभर वावरलेला. रविवारच्या मराठी मंडळात भजी तळून व्हायच्या आत बातमी बर्मिंगहॅमपर्यंत पोचली असती. मग आम्ही सगळे करतो तेच मी केलं. कॉलेजच्या बॅचमेटला फोन लावला. आम्हा दोघांच्या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा, अमेरिकेत मेंदूचा डॉक्टर, नुकताच रिटायर होऊन न्यू मेक्सिकोत स्थायिक झालेला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, घेऊन ये त्याला, गप्पा मारता मारता बघतो, त्याला कळणारसुद्धा नाही.

आता नवऱ्याला अमेरिकेला कसं न्यायचं ह्या विचारात मी होते, तर त्यानंच एका संध्याकाळी नकाशा पसरला. शिकागोहून पश्चिमेकडे, जुन्या हायवेनं, गावं बघत, रस्त्याकडेच्या गमतीजमती बघत जाऊ, आणि वाटेत आपल्या मित्राकडे उतरू. मी इतक्या पटकन हो म्हटलं की त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

अमेरिकेच्या रस्त्याची मला आधी भीती वाटली आणि मग राग आला. आमच्याकडे दोन तास पूर्वेला गाडी हाकली की समुद्र लागतो आणि देश संपतो. इथे दिवसभर चालवूनही शेतच. त्या शेतात मधेच कोणीतरी काहीतरी अवाढव्य बांधून ठेवलेलं असतं. मिसूरीत चार मजली डोलखुर्ची. ओक्लाहोमात तळ्यात बसवलेला सिमेंटचा निळा देवमासा, तोंड उघडं, आत माणसं उभी राहून फोटो काढतायत. टेक्सासात नांगरलेल्या रानात नाकावर उभ्या पुरलेल्या जुन्या मोटारी, आणि येणारा-जाणारा त्यांच्यावर रंगाचे फवारे मारतोय. तिथे रंगाच्या वासानं माझं डोकं दुखलं. नवरा मात्र एका डब्यातला उरलासुरला रंग घेऊन मोटारीवर आमच्या मुलांची नावं देवनागरीत लिहीत बसला. मी ती अक्षरं नीट तपासली. एकही काना-मात्रा चुकला नव्हता. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की जुन्या गोष्टी तर शेवटपर्यंत राहतात.

रोज संध्याकाळी मोटेलच्या खोलीत थेपले आणि लोणचं काढून बसलो की तो विचारायचा, "सांग बघू, आज काय काय पाहिलं?" मास्तरासारखं. सकाळचा नाश्ता कुठे केला, तिथल्या वाढणाऱ्या पोरीनं कुठल्या फळाची पेस्ट्री दिली, पेट्रोल भरलं त्या गावाचं नाव काय. ह्याला स्वतःला आठवत नाही आणि माझ्याकडून काढून घेतोय, अशी माझी खात्रीच झाली. मी सगळं सांगायची आणि मग तोच प्रश्न फिरवून त्याला विचारायची. तोही सगळं सांगायचा. मग मला वाटायचं, आत्ताच माझ्याकडून ऐकलंय म्हणून येतंय. एकदा संशय डोक्यात शिरला की बरोबर उत्तरसुद्धा पुरावाच वाटायला लागतं.

मित्राच्या घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मातीच्या रंगाचं बसकं घर, दारात निवडुंग. मित्रानं दारातच मिठी मारली आणि विचारलं, "शिकागोहून गाडीनं आलात?" आम्ही हो म्हटलं. आमटी वाढताना त्यानं पुन्हा विचारलं, गाडीनं आलात का. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मित्राच्या बायकोनं घाईघाईनं पोळी पुढे केली. ताक पिताना तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, तसाच, तितक्याच कौतुकानं. गेले कित्येक महिने मी ज्याच्या शोधात नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते, ते समोरच्या खुर्चीत बसलं होतं.

जेवणानंतर वहिनींनी मला भांडी आवरायच्या निमित्तानं आत नेलं. नळ सोडला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना अजून रिअलाइझ झालेलं नाहीये. प्लीज, तुम्ही दोघं नॉर्मल राहा. ह्यांना कळलं तर हे कोलॅप्स होतील." मी मान हलवली. त्यांच्या हातातला वाडगा केव्हाच धुऊन झाला होता, तरी त्या धूतच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रानं मला अंगणात गाठलं. नवरा आंघोळीला गेला होता, वहिनी पोहे करत होत्या.

"तुम्ही दोघांनी मला कॉल केला होता," तो म्हणाला. "वेगवेगळा. दोघांनी एकमेकांबद्दल काहीतरी सांगितलं होतं. कोणी काय, ते मला आता आठवत नाही."

दोघांनी. मला ते समजायला क्षणभर लागलं. म्हणजे गाडी मला चालवायला दिली ती मला बघण्यासाठी. संध्याकाळच्या त्या परीक्षा माझ्या होत्या. मागे एकदा सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये मी चुकीच्या मजल्यावर गाडी शोधत फिरले होते, तेव्हापासून हा माणूस माझ्यावर लक्ष ठेवून होता. मला भयंकर राग आला. मेंदूत बिघाड असेल अशी शंका असलेल्या बायकोला ट्रकांच्या मधे हायवेवर सोडतो? नंतर मी त्याला हे विचारलं, तर म्हणाला, बाजूला मी होतो ना.

"काल मी तुम्हा दोघांना बघितलं," मित्र पुढे म्हणाला. "यू आर बोथ फाइन. आय ॲम नॉट. एवढं अजून कळतं मला. पण हिला सांगू नकोस. हिला काही माहीत नाहीये."

नॉटिंगहॅमला परतल्यावर आम्ही एकाच वेळी, एकाच खोलीत बसून रीतसर तपासून घेतलं आणि दोघांचंही ठीक निघालं, हे इथेच सांगून टाकते. पण त्या सकाळी अंगणात मला आमची काळजी उरलीच नव्हती. आतली बाई नवऱ्यापासून लपवतेय, बाहेरचा नवरा बायकोपासून लपवतोय, आणि दोघांचं गुपित माझ्याच गळ्यात. पेशंटचं गुपित पेशंटचंच, हे मी जन्मभर पाळलं. पण हे माझे पेशंट नव्हते. आणि एकमेकांकडे चोरून बघत इतका प्रवास करून आल्यावर मला ह्या सगळ्या प्रकाराचा वीट आला होता.

पोह्यांच्या बशा टेबलावर आल्या. नवरा ओल्या केसांनी येऊन बसला. मी वहिनींना गॅस बंद करून बसायला सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, ह्याला माहीत आहे. आणि अरे, ह्यांनाही माहीत आहे. आता तुम्ही दोघं काय ते बोला."

नवऱ्यानं टेबलाखालून माझा हात धरला, गप्प कर म्हणून की आधार म्हणून, कोण जाणे. मला वाटलं, चुकलंच आपलं.

मग मित्रानं बायकोला विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दिवाळीपासून."

"मला गणपतीपासून," तो म्हणाला. "तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

वहिनींनी लिंबाची फोड उचलली, त्याच्या पोह्यांवर पिळली आणि बशी त्याच्यापुढे सरकवली.

"मी घाबरतच होते," त्या म्हणाल्या. "पण एकटी."