जुंपून घेतलेला कॉम्प्युटर

आमच्या सोनईत त्या वेळी कॉम्प्युटर मोजून एक होता, बँकेत, आणि तोही कायम प्लॅस्टिकच्या बुरख्यात. त्याचं तोंड पाहिलेला माणूस गावात भाव खाऊन जायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरला कॉलेजात असताना एका मित्राच्या खोलीवर मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळलो आणि माझं बी.कॉम. तिथंच संपलं. चार तासांत एवढी गाडी हाणली, की उठलो तेव्हा अंगाला पेट्रोलचा वास येत होता. आता हा गेम चालेल असा कॉम्प्युटर घरी हवाच. वडिलांना अर्थात सांगितलं, की हल्ली कॉम्प्युटरशिवाय अकाउंट्सचा अभ्यास होत नाही. ते तीस हजारांना तयार झाले. अट एकच, खरेदीला मामाला न्यायचं.

मामा घोडेगावच्या बैलबाजारातले दलाल. बैलाच्या नुसत्या सावलीवरून तो कितव्या वर्षी लंगडेल ते सांगायचे. अशा माणसाला आजवर कुणी फसवलं नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरवालाही फसवणार नाही, हा वडिलांचा हिशेब. आणि मला तर फसवायचं होतं मामालाच.

मित्रानं बजावलं होतं: रॅम बत्तीस एमबी आणि चित्रांसाठी वेगळं कार्ड. यातलं एक जरी कमी असलं, तरी गाडी पळणार नाही, रांगेल. नगरच्या दुकानात तसं मशीन होतं, पण छत्तीस हजारांना. बरोब्बर तिसात बसणारं दुसरं मशीन अर्ध्या रॅमचं, बिनकार्डाचं.

मामानं आधी स्वस्त मशीनच्या पाठीवरून हात फिरवला. कीबोर्ड उचलून दात मोजले, एकशे चार भरले. मग मागं जाऊन वाकले आणि चेहरा पडला. "शेठ, पाठीवर भोवरा हाय की याच्या."

बैलाच्या पाठीवर केसांचा भोवरा म्हणजे बाजारात मोठी खोट; इथं मागचा पंखा गरगरत होता. दुकानदारानं समजावलं, की मशीन तापू नये म्हणून तो असतोच, सगळ्यांना असतो. सगळी जातच भोवऱ्याची म्हटल्यावर मामाचा इलाज खुंटला. दुकानदारानं मग पडद्यावर एक पत्र टाइप करून दाखवलं, मामानं मान डोलावली, आणि माझी शर्यत सुरू व्हायच्या आधीच संपली असं मी धरून चाललो.

पण मामा पैसे काढीनात. म्हणाले, "उभं जनावर कंचंबी देखणं दिसतं. जुंपून दाखवा. ओझं घाला."

दुकानदारानं विचारलं, कसलं ओझं? मामानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यात जड ओझं मला तोंडपाठ होतं, पण ते बोललो तर बिंग फुटणार. शेवटी मी खाली बघत म्हणालो, "ते गाड्यांचं सॉफ्टवेअर लावा."

दुकानदार गालात हसला आणि त्यानं गेम लावला. स्वस्त मशीनवर गाडी अशी चालली, की मधल्या वेळात मी चहा घेऊन आलो तरी ती त्याच वळणावर. "पाय ओढतंय," मामा म्हणाले, "मागचा डावा." मग तोच गेम महाग मशीनवर लावला. गाडी अशी सुटली, की काउंटरवरची बिलं उडाली. मामा दोन पावलं मागं सरले. बराच वेळ त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दुकानदाराचा हात धरला आणि दोन्ही हातांवर उपरणं टाकलं. बाजारात सौदा असाच होतो, बोटांनी, तोंडातून आकडा न काढता. मामानं तीन बोटं दाबली, म्हणजे महाग मशीनचे तीस हजार. दुकानदार नगरचा शहरी माणूस. म्हाताऱ्याला आपला लळा लागला असं समजून त्यानं मामाचा हात प्रेमानं गदागदा हलवला.

बाजारात याचा अर्थ एकच, सौदा पक्का.

दुकानदारानं नंतर पुष्कळ विनवण्या केल्या. पण मामा एकच बोलत होते, हातात हात दिलाय. दुकानात आलेली दोन पागोटी माना डोलवायला लागली आणि प्रकरण बहुमतानं निकालात निघालं. दुकानदारानं सूड म्हणून स्पीकर तेवढे ठेवून घेतले.

घरी वडिलांनी पहिला प्रश्न टाकला, अभ्यासाला चालेल ना?

"दाजी, ओझ्याखाली बघितलाय," मामा म्हणाले. "अभ्यास तर त्याला काहीच न्हाई."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. याची किंमत मात्र पुढं कळली. दर शुक्रवारी बाजार उरकला, की मामा आमच्या दारात, 'जनावर कसं हाय' बघायला. एकदा बसले की मला कीबोर्डला हात लावू द्यायचे नाहीत. स्पीकर नव्हतेच, तेव्हा इंजिन, हॉर्न, ब्रेक सगळं स्वतःच करायचे. त्यांनी गिअर बदलला की गोठ्यातली म्हैस दावं ताणायची.

एका शुक्रवारी वडील शेतातून लवकर आले. पडद्यावर गाडी, खुर्चीत मेहुणा आणि घरभर घरघर. त्यांनी मला बाजूला सारून विचारलं, "हा कसला अभ्यास चाललाय?"

मामानं मान वळवली नाही. वळण अवघड होतं.

"तोंडी," म्हणाले, आणि हॉर्न दिला.