राक्षसांवरची पीएचडी

बाबा चालवायचे ते कापडाचे लूम बंद पडले की आमच्याकडे रात्री नुसता चहा-पाव असायचा. आज शिवणयंत्राला तेल घालताना कारखान्यातल्या तेलाचा तोच वास आला आणि एक दुपार आठवली.

त्या दुपारी लूमच्या खडखडाटात मी बाबांना ओरडून सांगत होते, "मानकोलीच्या गोदामातली तुम्ही बघितलेली नोकरी नको! आजच्या अद्भुत कादंबऱ्यांत पुराणातले राक्षस कसे येतात, त्यावर पीएचडी करायचीय!"

तेवढ्यात वीज गेली, लूम थांबले आणि बाबांचं ओरडणं अख्ख्या कारखान्यानं ऐकलं, "राक्षस पगार देणार का गं?"

सगळे हसले.

"न्हाय देणार," मी म्हणाले, "तरी करणार."

बाबा तेलकट हात पुसत राहिले. "मग कर. गोदामवाल्याला मी सांगतो."

लोकांसमोर अडकले म्हणून हो म्हणाले, असंच मला कित्येक वर्षं वाटायचं. आता कळतं, मागे फिरता येऊ नये म्हणूनच चारचौघांत त्यांनी शब्द दिला होता.

पुढे माझा प्रबंध मंजूर झाला. घरातली पहिली पदवीधर मी, पहिली पीएचडीही मीच.