पहिला चीक रेडकाचा

श्रीमती सुलोचना पाष्टे यांची आणि माझी पहिली भेट मला लाज आणणारी आहे. तरी गौरवलेख तिथूनच सुरू करणं भाग आहे. पशुवैद्य म्हणून मी संगमेश्वर तालुक्यात नुकताच रुजू झालो होतो. त्यांच्या वाडीतली एक म्हैस तपासून निघालो, तेव्हा शेजारून आलेल्या सुलोचनाबाईंनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकींनी, गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं रेडकू दाखवलं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. "नर आहे, जाऊ दे," मी म्हणालो. काकींनी माझी बॅगच धरली.

"डाक्टरानू, तुमची नोकरी फकस्त म्हशीपुरती हाय काय? त्येला जीव नाय?"

मी तपासलं. रोग कुठलाच नव्हता, नुसती भूक होती. मालकाने "न्या तुमीच" म्हटलं आणि काकींनी ते उचलून आपल्या गोठ्यात नेलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला ढुशी मारली.

नर रेडकाचं आपल्याकडे काय होतं, हे गोठा असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हशीने पान्हा सोडण्यापुरतं त्याला आचळाला लावायचं आणि लगेच ओढून बांधायचं. दूध डेअरीत, चिकाचा खरवस घरात. महिन्याभरात ते मरतं. मग म्हशीने पान्हा चोरू नये म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं करायचं. याला कोणी हत्या म्हणत नाही. सुरी हातात नसली की आपण निष्पाप! ही फसवणूक मी नोकरीभर पाहिली आणि बराच काळ गप्प राहिलो, याचा संताप आज स्वतःवरच येतो.

काकी गप्प राहिल्या नाहीत. यजमान मुंबईला नोकरीत, घरच्या चार म्हशी यांच्या अंगावर. त्या इतरांनी टाकलेले नर आणून वाढवू लागल्या. जन्मलेल्या रेडकाला पहिल्या तासात पोटभर चीक, दहाव्या दिवशी जंताचं औषध, तीन महिन्यांपर्यंत दूध हळूहळू कमी करत कोवळं गवत. पुढे वर्षभर हिरवा चारा, पेंढा आणि भाताचा कोंडा. विकण्याआधीच्या तीन महिन्यांत पेंड वाढवायची आणि रोज डुंबायला पाणी द्यायचं. मी पुस्तकात वाचलेलं सगळं मला त्यांच्या गोठ्यात पहिल्यांदा दिसलं. कोणत्या वयाला कुठे चुकलं की जनावर कायमचं खुरटतं, हे त्या पाठीवरून हात फिरवून सांगत.

आणि हो, वाढलेले रेडे त्या मांसासाठी विकत. लपवून नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "मरान काय चुकत नाय. पन माज्या दारात हाय तवर उपाशी मरायचा नाय."

रेड्यांच्या विक्रीला कायद्याची आडकाठी नव्हती. आरोग्य दाखल्यावर सही माझी होती. तरीही एका मे महिन्यात त्यांच्या रेड्यांची गाडी हातखंब्याच्या नाक्यावर जमावाने अडवली. चालकाने फोन केला. काकी मिळेल त्या एस.टी.ने निघाल्या, मी दवाखान्यातून पोचलो. तोवर दोन तास जनावरं भर उन्हात गाडीतच उभी होती. लोक घोषणा देत होते, पण पाण्याची एक बादली कोणी आणली नव्हती.

"कागद मागनं बगा," काकी ओरडल्या, "आदी जनावरांस खाली घ्या! पानी दाखवा!"

जमावात त्यांच्याच वाडीतला महादेव होता. त्याच्यासमोर जाऊन त्यांनी विचारलं, "म्हादेवा, गेल्या म्हयन्यात तुजी म्हस व्याली. रेडकू खय हाय?"

महादेव गर्दीत मागे सरकला. दाखले बघून गाडी सोडली गेली, पण एक रेडा उतरवताना कोसळला तो उठलाच नाही. काकी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसल्या होत्या. गुन्हा मात्र कोणावरही नोंदला गेला नाही.

उलट वाडीने शिक्षा काकींनाच केली. संकलन केंद्राने त्यांचं दूध नाकारलं, हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. जवळपास वर्षभर त्या डोक्यावर किटली घेऊन बाजारपेठेत दूध घालत राहिल्या. शेवटी महादेवची बायकोच एका सकाळी नुकतंच जन्मलेलं रेडकू घेऊन त्यांच्या दारात आली. म्हणाली, "काकी, ह्येला कसा जगवायचा ता दाखवा." काकींनी मागचा एक शब्द काढला नाही. तिला आत घेतलं आणि चीक कसा पाजायचा ते दाखवलं. आज त्या वाडीतल्या सात घरांत नर वाढवले जातात. केंद्रही दूध घेतं. माफी मात्र अजून मागितलेली नाही.

माझी पत्नी आजारी असताना काकी डबा घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. खरवस होता. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "रेडकाचा पोट भरला, मगच काडलाय."

हा लेख मागताना गौरव समितीतल्या एका सद्गृहस्थांनी मला सुचवलं, "विक्रीचं टाळा हो. दुग्धव्यवसायावर लिहा, म्हणजे कोणाला बोचणार नाही." ज्या कामासाठी या बाईंनी वर्षभर एकटेपण सोसलं, तेच वगळून त्यांच्या गळ्यात हार घालायचा? मी काहीही टाळलेलं नाही. बोचत असेल त्याने आपल्या गोठ्यात डोकावून यावं.

काकी, आज तुम्हांला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. तुमचे गुडघे दुखायचे थांबोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आम्हांला खडसावण्याइतका दम तुमच्या छातीत पुष्कळ वर्षं टिको. आम्ही अजून पुरते सुधारलेलो नाही.