चावी मिळणार नाही

वहाबचाचांनी माझ्या पिकअपची चावी स्वतःच्या खिशात टाकली तेव्हा माझं डोकंच फिरलं. दुपारी चार वाजता जासईहून माझी आई आणि आळीतल्या पंधरा-वीस बायकांना घेऊन मला उरणला निघायचं होतं. मामेबहिणीची, अंकिताची हळद होती. आणि हा साठीचा माणूस सकाळी अकरा वाजता माझ्याच गाडीची चावी दाबून बसला होता.

"चाचा, चावी द्या. आज निस्ती हळदीपुरती चालवतो. काम सोमवारी करू."

"नाय मिळनार," चाचा म्हणाले. "सोमवारी काय, मय्यतीला येऊ तुज्या? आन् पंधरा बाया मागच्या हौद्यात भरनार? त्या काय सिमेंटच्या गोन्या हायत?"

मी आधीच पेटलेलो होतो. महिनाभर गाडीने माझं रक्त आटवलं होतं. काटा पन्नासच्या वर गेला की स्टिअरिंग हातात थडथडायला लागायचं, साठला तर दोन्ही हातांनी आवळून धरावं लागायचं. तीन गॅरेजं पालथी घातली. पहिल्याने चाकांचं बॅलन्सिंग केलं. दुसऱ्याने अलाइनमेंट केली. तिसऱ्याने स्टिअरिंगच्या टाय रॉडचे एंड बदलले आणि म्हणाला, आता डोळे मिटून चालवा. दर वेळी गाडी दोन दिवस छान पळाली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या तिसऱ्याच्या गॅरेजात तर मी पाना भिरकावला होता. सगळे चोर, सगळे मला येडा बनवतात, असं मी गावभर सांगत सुटलो होतो.

वहाबचाचांकडे कोणी खुशीने जात नाही. पनवेल सोडून कर्नाळ्याकडे निघालं की डाव्या हाताला त्यांची पत्र्याची शेड आहे. पाटी नाही, बसायला एक बाकडं. पंधरा वर्षं कुवेतला ट्रक दुरुस्त करून आलेला माणूस, पण बोलण्यात गोडवा औषधालाही नाही. गिऱ्हाईक म्हणालं की टाय रॉड गेलाय, तर हे म्हणणार, "मंग तूच बदल. हितं कशाला आलास?" घाई आहे म्हणणाऱ्याला सरळ बाहेरचा रस्ता दाखवतात. त्यांची बायको शहाबानो जेवणाचा डबा घेऊन येते ती आधी बाहेरूनच कानोसा घेते. आत आवाज चढलेला असला तर डबा बाकड्यावर ठेवून तशीच परत जाते.

त्या दिवशी आल्याआल्या त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नव्हता. "तू चालव, मी बसतो," म्हणाले. रेडिओ बंद केला, काचा वर केल्या आणि प्रश्न सुरू केले.

"थरथर हातात येते का बुडाखाली?"

"हातात."

"म्हंजे पुढची चाकं. बुडाखाली आली असती तर मागं बगितलं असतं. ब्रेक मारल्यावर वाढते?"

"नाय."

"कधीपासून?"

"महिना झाला."

"महिना काय असतो? दिवस सांग."

मी वैतागून म्हणालो, "दसऱ्यापासून."

त्यावर त्यांनी हातानेच गाडी शेडकडे वळवायला सांगितलं. मग जॅक लावून त्यांनी पुढचं डावं चाक उचललं, वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाक खटकन वाजलं. त्यांनी पुन्हा हलवलं, पुन्हा तसंच वाजलं. ते उठले, गाडीतून चावी काढली आणि खिशात टाकली. आमचं भांडण सुरू झालं ते तिथून.

"दसऱ्याला काय केलंस?" चाचा आता ओरडतच होते.

"पूजा केली. दुसरं काय करनार?"

"पूजेच्या आधी?"

"धुतली. चाकं काढून रंगवली."

"कोनी?"

"मी. दुसरा कोन?"

त्यांनी बाह्या वर सारल्या. पाना घेऊन खाली बसले. पाच नटांतले दोन तर बोटांनीच फिरले. चाक बाहेर आलं आणि त्यांनी ते माझ्या पायाशी उलटं टाकलं. रिमला आतूनही पिवळा ऑइलपेंट होता, दोन हात दिलेला. आतून कोण बघणार आहे असं रंगवताना सोबत असलेला शेजारचा बापू म्हणाला होता, तेव्हा मी त्याला हसलो होतो. वर्षभर पोट भरणारी गाडी, तिच्यात कंजूषपणा कशाला? रिम जिथे ड्रमला टेकते त्या जागेवरचे पोपडे सुटले होते, नटांखाली रंगाच्या सुरळ्या झाल्या होत्या.

"लोखंड लोखंडाला टेकलं पायजे," चाचा म्हणाले. "मदे तुजा रंग. नट आवळला तो रंगावर. रंग दबला, उडाला, नट ढिला. ते तिघं नट पुन्हा आवळून द्यायचे, म्हनून दोन दिवस बरं वाटायचं. मशीनवर खोट दिसनार कशी? चाकात खोट नायच! पन एकानं तरी विचारलं, दसऱ्याला काय केलंस म्हनून?"

रिममधली बोल्टांची भोकं लांबट झाली होती. चाचांनी एका बोल्टला पाना लावून जरासा हिसका दिला, तर तो निम्म्यात मोडून त्यांच्या हातात आला. मोडलेला भाग आधीच गंजला होता, म्हणजे तडा जुना होता.

"या बाजूला कोन बसतं?"

मी खाली पडलेला नट उचलायला वाकलो.

"बोल ना! महिनाभर लोकांना शिव्या देत फिरलास, आता तोंड शिवलं काय? कोन बसतं?"

गुडघ्यांमुळे आईला मागे चढता येत नाही, म्हणून पुढची ती जागा तिचीच आहे. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत मी त्या महिन्यात तिला कितीदा नेलं असेल ते मोजायची माझी हिंमत झाली नाही. आणि मला राग काढायला समोर कोणीच उरलं नव्हतं, याचाच जास्त राग आला.

चाचांनी रंग खरवडायची पत्री माझ्यापुढे आपटली. "चारही चाकं. हातानं. लोखंड दिसेपर्यंत." नवे बोल्ट आणि दुसरी रिम मिळेपर्यंत चावी खिशातच राहील, हेही त्यांनी सुनावलं.

अडीचच्या सुमाराला मी दुसऱ्या चाकावर होतो, तेव्हा आईचा फोन आला. "कवा येतस? बाया नटून बसल्यात."

"रिक्षानं जावा, आये. आज गाडी नाय येत."

"परत बिघडवली त्या मेल्यांनी?"

"नाय आये," मी म्हणालो. "मी बिघडवली. तू बसतेस ना, त्याच बाजूची."