आईच्या बुगडीचं लाल सोनं

दोन हजार चोवीस साल, माझं वय अठ्ठ्याहत्तर. सिन्नरला दुकानात साखळीची तुटकी कडी डाग देऊन जोडत होतो, तोच सुनेचा फोन आला. "दादा, हे कॉलेजात पडले..." पुढचं मीनाला बोलवेना. गंगापूर रोडला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा माझा सुधाकर, रसायनशास्त्राचा प्राध्यापक, चटईवर निजवलेला होता.

मी सोनार, शाळा चौथीपर्यंत. पोरगा सोन्याचेच इतके बारीक कण करायचा की डोळ्याला दिसू नयेत, नुसता पाण्याला रंग यावा. त्याच्या आईच्या मोडक्या बुगडीची तार त्यानं माझ्याकडून मागून नेली नि काही दिवसांनी डाळिंबाच्या रसासारख्या लाल पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली. "दादा, ही आईची बुगडी."

"सोनं पिवळं असतं. कसोटीवर घासून दाखव."

"घासता येत नाय, तीच तर गंमत." कण एवढा लहान झाला की उजेडातला हिरवा रंग गिळतो आणि आपल्याला लाल दिसतं, असं तो सांगायचा. थोड्या पाण्यात त्यानं चिमूटभर मीठ टाकलं, तर कण एकमेकांना चिकटून ते निळं पडलं. मी म्हणालो, "रंगपंचमीला विक, खपेल." लय हसला. बाटली मी ठेवून घेतली नाही, ती त्याच्याच कपाटात राहिली. पुढं दर दिवाळीला हाच वाद. दोघांनाही तो हवाच असायचा...

त्या दिवशी तोंडात सोनं घालायची वेळ आली. हे त्यानं माझ्यासाठी करायचं होतं. माझा धाकटा भाऊ किसन सोन्याचा मणी घेऊन पुढं झाला. मी त्याला थांबवलं आणि मीनाकडे बाटली मागितली.

"दादा, रंगाचं पाणी ते," किसन हळूच म्हणाला. "सोनं लागतं."

"सोनंच हाय. जन्म गेला माझा सोनं पारखण्यात, मला शिकवू नको."

तुळशीच्या पानावरून दोन थेंब त्याच्या ओठांत सोडले. एवढं एक वाक्य ऐकायला तो किती वर्षं थांबला होता... आणि मी बोललो तेव्हा तो ऐकत नव्हता.

सुतकात दुकान उघडू नये म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धं शटर वर केलं, ऊन येतं तिथं बरोबर आणलेली ती बाटली ठेवली. शेजारच्या कसोटीच्या काळ्या दगडावर लाल उजेडाची रेघ उमटली. कस बघून झाला की रेघ पुसायची, ही हाताची सवय. मी अंगठा नेला, आणि तसाच मागं घेतला.